गॅस गिझर बसवताय? आधी धुराची वाट काढा

गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की पुन्हा, असे वर्षातून दोनदा गॅस गिझरविषयीचे प्रश्न हमखास येतात. प्रश्नही ठरलेले असतात. न्हाणीघराला व्हेंटिलेटर आहे, मग धुराड्याचा पाइप कशाला? एक्झॉस्ट फॅन लावला तर भागेल का? दुकानदार म्हणतो या मॉडेलला पाइप लागतच नाही, हे खरे का? स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरूनच 'टी' टाकून जोडला तर चालेल का?

वडखळहून नागोठण्याकडे निघालात की महामार्गालगत गडब लागते. तिथपासून पार रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात गॅस गिझर का आवडतो, हे सांगायला नको. पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस दिवे नव्हते. गॅस गिझर टॉर्चच्या दोन मोठ्या सेलवर पेटतो, नळ सोडताच कढत पाणी देतो आणि बंबासारखी लाकडे फोडायला लावत नाही. वस्तू उपयोगाची आहे यात वाद नाही. अडचण आहे ती आपण तिला बसवतो त्या जागेची.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी आंघोळीला गेली आणि न्हाणीघरात बेशुद्ध सापडली. ती वाचली नाही. न्हाणीघरात गॅस गिझर होता. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेले पती-पत्नी न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा पहिला संशय गिझरवरच गेला. अशा बातम्यांत 'गॅस गळती' हा शब्द वाचायला मिळतो, आणि तिथेच वाचकांची दिशाभूल होते. बहुतेक वेळा गळती झालेलीच नसते. गॅस नीट पेटलेला असतो. माणूस जातो तो जळण्यातून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडने.

खिडकी आणि धुराडे: दोन वेगळी कामे

इतकेच ध्यानात राहिले तरी पुढचे बरेचसे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. गिझरला दोन वाटा लागतात. एक, जळण्यासाठी ताजी हवा आत येण्याची. दुसरी, जळून झालेला धूर बाहेर जाण्याची. व्हेंटिलेटर पहिले काम करतो, धुराडे दुसरे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. खिडकी उघडी असली तरी धूर तिच्यातूनच जाईल अशी खात्री नसते, आणि धुराडे उत्तम असले तरी खोली चहूबाजूंनी बंद केली तर त्यात ओढ राहत नाही.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नेहमीचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे २० मिनिटांना ४ घनमीटर, सुमारे १४० घनफूट. आता तुमची मोरी मोजा: ४ फूट बाय ५ फूट, उंची ७ फूट. झाले १४० घनफूट! खोलीभर हवा एका लांबलेल्या आंघोळीत लागते. पण धोका सगळी हवा संपेपर्यंत थांबत नाही. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८-१९ टक्क्यांवर उतरला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकलाही येत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळला की तोही जळून जातो. त्यामुळे 'वास आला की बाहेर पडू' या भरवशावर राहू नका.

जागा कोणती निवडाल?

माझे मत स्पष्ट आहे: गॅस गिझर न्हाणीघरात नको. धुराडे असले तरी नको. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात फक्त पूर्ण बंदिस्त उपकरण बसवता येते. म्हणजे ज्याची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि खोलीतल्या हवेशी ज्याचा संबंधच येत नाही असे. ते कामही नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते. आपल्याकडे मात्र चारबाय पाचच्या मोरीत उघड्या तोंडाचा गिझर सर्रास टांगला जातो.

गावातल्या घरांना एक सोय आहे जी मुंबईच्या फ्लॅटला नाही. ती म्हणजे मागची पडवी. पसंतीच्या क्रमाने पर्याय असे:

- मागची पडवी किंवा वळचणीखालची बाहेरची भिंत. गिझर बाहेर, गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत. पाइप सीपीव्हीसीचा घ्या. थंड पाण्याचा साधा पांढरा पीव्हीसी पाइप कढत पाण्याने मऊ पडतो. पाऊस आणि वारा थेट लागू नये म्हणून वर पत्रा आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, पण चारही बाजूंनी बंद कपाट करू नका. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली तर मुळीच नको.
- स्वयंपाकघर किंवा धुण्याची मोकळी जागा, धुराड्यासह. बाहेरची भिंत लागून असेल तरच. खोली मोठी असली, माणसांची ये-जा असली तरी धुराडे हवेच.
- दुहेरी पाइपचा बंदिस्त गिझर. एका पाइपातून हवा येते, दुसऱ्यातून पंख्याने धूर बाहेर फेकला जातो. फ्लॅटसाठी हाच योग्य. महाग आहे, आणि पंख्याला वीज लागते. वीज जाते म्हणून गॅस गिझर घेणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.
- गॅसच नको. चार माणसांचे घर, छपरावर ऊन आणि बोअरचे पाणी फार क्षारांचे नाही, अशा ठिकाणी सौर बंब आणि ढगाळ दिवसांसाठी छोटा विजेचा गिझर ही जोडी मला जास्त शहाणपणाची वाटते.

पत्रे आणि ग्रिल लावून बंद केलेली पडवी ही आता पडवी राहिलेली नसते, ती खोली झालेली असते. वादळानंतर अनेकांनी मागीलदार असे बंद करून घेतले आहे. तिथे गिझर लावणार असाल तर पाइप भिंतीबाहेर काढावाच लागेल.

धुराडे कसे असावे

दुकानात 'पाइप लागत नाही' म्हणून सांगतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या मॉडेलला पाइप जोडायची सोय नाही. धूर होत नाही असा तो नसतो. असे मॉडेल फक्त मोकळ्या, उघड्या जागेसाठी समजा आणि बंद जागेसाठी मागताना 'चिमणीचा पाइप जोडता येणारा' असे स्पष्ट सांगून मागा.

मिस्त्री काम करत असताना पुढच्या गोष्टी स्वतः उभे राहून पाहा:

- पाइप धातूचाच हवा, स्टेनलेस स्टील किंवा कंपनीने दिलेला ॲल्युमिनियमचा. उरलेला पीव्हीसी पाइप लावून देणारे मिस्त्री आहेत. धुराच्या उष्णतेने तो वाकतो, सांधा सुटतो, आणि धूर कुठे जातोय हे कुणालाच कळत नाही.
- गिझरच्या तोंडाचा व्यास जितका, तितकाच पाइपचा. भोक लहान पडले म्हणून पाइप अरुंद करू देऊ नका.
- साध्या, पंखा नसलेल्या गिझरचा पाइप आधी सरळ वर जायला हवा, निदान २ फूट, आणि मग वळण. गिझरवरून निघताच आडवा वळवलेला पाइप ओढ धरत नाही. आडवा भाग जितका छोटा तितका बरा, वळणे एक-दोनच.
- साध्या गिझरचा आडवा भाग बाहेरच्या दिशेने किंचित चढता ठेवतात. पंख्याच्या गिझरचा बहुधा बाहेर किंचित उतरता ठेवायला सांगतात, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. दोन्ही बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण. मिस्त्रीचा अनुभव नंतर.
- बाहेरचे तोंड खिडकी, दार, व्हेंटिलेटर यांपासून किमान १ फूट आणि जमल्यास ३ फूट दूर. शेजाऱ्याची खिडकीही यात धरा. तोंड खिडकीच्या बरोबर खाली कधीच नको.
- तोंडावर टोपी हवी. नैर्ऋत्येचा पाऊस-वारा ज्या भिंतीवर सरळ आदळतो त्या बाजूला तोंड काढू नका. जून-जुलैत वारा धूर उलटा आत ढकलतो.
- लाकडी वासा, कौलाखालची रीप, प्लायवूड यांच्यातून किंवा त्यांना टेकून पाइप जायला नको.
- भिंतीतले भोक विटांच्या किंवा जांभ्याच्या भागात पाडा. सिमेंटच्या तुळईला किंवा खांबाला हात लावू देऊ नका. पेण-रोह्यातल्या इमारतीत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीत भोक पाडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

आता आत येणाऱ्या हवेबद्दल. कंपनीने जाळीचे माप दिले असेल तर ते पाळा. दिले नसेल तर एक खाली आणि एक वर अशा वीतभर लांबीरुंदीच्या दोन जाळ्या ठेवा, कायम उघड्या. डासांसाठी लावलेली बारीक जाळी धुळीने बुजते, ती अधूनमधून ब्रशने झाडा. आणि व्हेंटिलेटरला पावसाळ्यात प्लास्टिक ठोकण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती गिझर असलेल्या खोलीपुरती मोडा.

एक्झॉस्ट फॅनचे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो. धुराड्याच्या साध्या गिझरजवळ एक्झॉस्ट फॅन लावणे धोक्याचे ठरू शकते. फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो, ती भरून काढायला हवा मिळेल तिथून आत येते, आणि सगळ्यात सोपी वाट असते धुराड्याचीच. धूर पाइपातून खोलीत परत येतो. स्वयंपाकघरातली विजेची चिमणीही हेच करते. एकाच खोलीत दोन्ही असतील तर पुढची चाचणी केल्याशिवाय वापर सुरू करू नका.

उदबत्तीची चाचणी

ही चाचणी मिस्त्रीला पैसे देण्याआधी करायची. खोलीची दारे-खिडक्या बंद करा. कायमच्या जाळ्या मात्र उघड्या राहू द्या. एक्झॉस्ट फॅन आणि चिमणी असेल तर चालू करा. गिझर पूर्ण ज्योतीवर १० मिनिटे चालवा. मग पेटती उदबत्ती गिझरच्या वरच्या बाजूला, पाइप बसतो तिथल्या उघड्या फटीशी धरा. तिचा धूर आत ओढला जायला हवा. तो बाहेर उडाला किंवा तिथेच घुटमळला, तर गिझरचा धूरही खोलीतच येतो आहे. लगेच बंद करा, खोली मोकळी करा आणि काम पुन्हा करून घ्या. वाऱ्याच्या दिवशी ही चाचणी आणखी एकदा करा. गॅसचा वास येत असेल तर उदबत्ती पेटवायचीच नाही, हे वेगळे सांगत नाही. पंख्याच्या बंदिस्त गिझरला अशी फट नसते. त्याची तपासणी कंपनीच्या माणसाकडूनच करवून घ्या.

ज्योत निळी असली म्हणजे सारे ठीक, असे नाही. मात्र ती पिवळी-तांबडी झाली, गिझरवर किंवा भिंतीवर काजळी दिसली, तर त्याच दिवशी वापर थांबवा.

सिलिंडर, नळी आणि तो 'टी'

स्वयंपाकघराच्या नळीला 'टी' जोडून दुसरी लांबलचक नळी न्हाणीघरापर्यंत नेणे, ही आपल्याकडची सर्वांत आवडती तडजोड आणि सर्वांत वाईट. रबरी नळीला मध्ये सांधा असता कामा नये, ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि भिंतीच्या भोकातून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नये. तारेचे अस्तर असलेली भगव्या रंगाची 'सुरक्षा' नळीच घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी ती बदलायची. उंदरांच्या घरात त्याआधीही.

गिझर सिलिंडरपासून दूर असेल तर तांब्याची किंवा लोखंडाची पक्की गॅस वाहिनी गॅस एजन्सीमार्फत घालून घ्या आणि गिझरसाठी वेगळी बंद करायची चावी ठेवा. घरातल्या जोडणीवर गिझर चालवायला एजन्सीची हरकत नाही ना, हे आधी लेखी विचारून ठेवलेले बरे.

सिलिंडर उभाच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून जवळ मोरीचे तोंड, उघडे गटार किंवा खोलगट जागा नको. जोड तपासायचा तो साबणाच्या फेसाने, काडी ओढून नव्हे. वास आला तर विजेचे कुठलेही बटण लावू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो.

पुढे कधी घरात नळाचा गॅस आला, तर हाच गिझर तसाच जोडू नका. एलपीजीचे आणि नळाच्या गॅसचे जेट वेगळे, दाबही वेगळा. बदल करता येतो की नाही, ते कंपनी सांगेल.

विकत घेताना

पेटीवर आणि गिझरवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर आयएस १५५५८ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दुकानात उभ्या उभ्या कळते. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

चार सोयी मागून घ्या: ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होणे, पाणी थांबले तर ज्योत बंद होणे, २० मिनिटांनी आपोआप बंद होणे आणि प्राणवायू घटला तर बंद करणारा सेन्सर. चौथी सोय सगळ्या मॉडेलांत नसते, विचारून खात्री करा. पण तिच्या भरवशावर धुराडे टाळू नका.

पाण्याच्या दाबाचा विचार बहुतेक जण बसवून झाल्यावर करतात. गिझरमधली झडप पाण्याच्या दाबाने उघडते, तेव्हाच गॅस सुटतो. बैठ्या घरावर टाकी असेल आणि गिझर छतालगत लावला, तर तो पेटणारच नाही. टाकीचा तळ गिझरपेक्षा निदान २ ते ३ मीटर उंच हवा. नाहीतर कमी दाबावर चालणारे मॉडेल घ्या.

खर्चाचाही ढोबळ आकडा देतो. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ४० ग्रॅम गॅस लागतो. रोज चार बादल्या धरल्या तर १४.२ किलोचा सिलिंडर अडीच-तीन महिने पुरायला हवा. दीड महिन्यातच संपत असेल तर कुणीतरी शॉवरखाली गाणी म्हणतंय, किंवा जेट बिघडलाय.

कार्बन मोनॉक्साइडचा सेलवर चालणारा अलार्मही मिळतो. ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेला घ्या. तो गॅस गळतीच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. गिझर असलेल्या खोलीत आणि झोपायच्या खोलीबाहेर लावा, वाफेच्या झोतात नको.

आधीच मोरीत बसवलेला असेल तर

नवा बदल होईपर्यंत आज रात्रीपासून असे करा:

1. दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्या.
2. गिझर बंद करा, गॅसची चावीही बंद करा.
3. पाच-दहा मिनिटे दार-खिडकी उघडी राहू द्या.
4. मग आंघोळ. आंघोळ चालू असताना गिझर चालू नको, शॉवर तर नकोच.

लहान मुले, गरोदर बायका, म्हातारी माणसे आणि हृदयविकार असलेले यांना कार्बन मोनॉक्साइडचा त्रास लवकर आणि जास्त होतो. दाराला आतून घट्ट कडी लावायची सवय मोडा. बाहेरून उघडता येईल असे कुलूप बसवा. हा तात्पुरता उपाय आहे. वर्षानुवर्षे तसेच चालवायची परवानगी म्हणून तो वाचू नका.

गणपती, पाहुणे आणि कुंभारणीची माती

आपल्या भागात सर्वांत धोक्याचे दिवस डिसेंबरचे नाहीत, भाद्रपदातले आहेत, असे मला वाटते. मुंबई-ठाण्याहून सगळे घरी येतात, सकाळी आरतीच्या आधी दहा-बारा आंघोळी एकापाठोपाठ होतात, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि गिझर तासभर बंद होत नाही. पाहुण्यांना तो कसा वापरायचा हे माहीत नसते. २० मिनिटांनी तो आपोआप बंद झाला की ते पुन्हा चालू करतात. त्या दिवसांत दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडून खोली मोकळी करा आणि सूचना कागदावर लिहून दारावर चिकटवा.

वर्षातून एकदा, शक्यतो श्रावणात, गिझर साफ करवून घ्या. खाडीकडच्या खाऱ्या हवेत पातळ पत्रा लवकर खातो, पाइपच्या सांध्यांना बारीक भोके पडतात. बोअरच्या क्षारांनी आतली नळी बुजते. आणि कुंभारीण माशी! जेटच्या तोंडात, पाइपच्या टोपीत ती मातीचे घर करते. उन्हाळाभर गिझर वापरला नसेल तर हे आधी पाहा. सर्व्हिसवाल्याने बर्नर, जेट, वरच्या तांब्याच्या पात्या आणि पूर्ण पाइप साफ केला, हे बिलावर लिहून घ्या. 'जनरल सर्व्हिस' एवढ्यावर समाधान मानू नका.

कुणाला त्रास झाला तर

डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, पाय गळून जाणे, काही सुचेनासे होणे. आंघोळीनंतर वारंवार असे होत असेल, आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर पित्त किंवा बीपी म्हणून सोडून देऊ नका. न्हाणीघरात फिट आल्यासारखे होऊन पडलेल्या रुग्णांची गॅस गिझरशी जोडलेली उदाहरणे भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. अशा माणसाला अपस्मार समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहू शकतात.

कुणी आत पडलेले आढळले तर दार तोडा, एक मोठा श्वास बाहेर घेऊन आत जा, माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणा. गॅस नंतर बंद करा किंवा दुसऱ्याला करायला सांगा. वाचवायला गेलेला माणूस आत रेंगाळला तर तोही पडतो. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या की जवळच्या खासगी दवाखान्यात, तिथे पहिले वाक्य हे सांगा: 'घरात गॅस गिझर चालू होता.' बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि तो ९८-९९ दाखवतो. रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी होते का विचारा, आणि शुद्ध ऑक्सिजन ताबडतोब सुरू करायला सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला ४-५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी नेऊ नका. विसरभोळेपणा, चालण्यातला अडखळा असे परिणाम काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

तुमचे हक्क

बिल, वॉरंटी कार्ड, मराठी किंवा तुम्हाला समजेल अशा भाषेतली पुस्तिका आणि बसवणाऱ्याचे नाव-शिक्का असलेली पावती, एवढे तुमच्या हातात पडले पाहिजे. काम झाल्यावर पाइपचे आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवा.

धुराडे न लावता बंद खोलीत गिझर बसवून गेले, निकृष्ट माल दिला किंवा दुरुस्ती टाळली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येते. तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. बनावट आयएसआय चिन्हाची तक्रार त्याच 'बीआयएस केअर' ॲपवर.

गॅस कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी काढलेला विमा असतो, तो माहीत असू द्या. मात्र तो गॅसमुळे लागलेल्या आगीच्या अपघातांसाठी आहे. धुराने झालेल्या विषबाधेत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आगीचा अपघात झाल्यास एजन्सीला लगेच लेखी कळवावे लागते.

भाड्याच्या खोलीत राहत असाल तर

डोलवी-वडखळच्या कारखान्यांत कामाला आलेली बरीच मंडळी आजूबाजूच्या गावांत खोल्या घेऊन राहतात, आणि चार-चार जणांत एक मोरी, त्यात मालकाने लावलेला गिझर. खोली ठरवताना भाडे आणि पाण्याबरोबर गिझरचा पाइप कुठे जातो तेही विचारा. मालकाने लावलेल्या गिझरची तक्रार तोंडी न करता व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवा, म्हणजे तारखेसह पुरावा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पत्रात त्याचा उल्लेख करा. स्वतःच्या खर्चाने पाइप लावणार असाल तर भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाचे लेखी 'हो' घ्या आणि तो खर्च भाड्यातून वळता करायचा की कसे, हेही त्यातच लिहून घ्या.

तोवर गिझरची चावी बंद ठेवा आणि पाणी स्वयंपाकाच्या शेगडीवर तापवा. विजेचा रॉड वापरणार असाल तर तो बादलीत बुडवल्यावरच प्लग लावा, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.